तीस गुंठे ज्वारी

पणदरे,
३ जुलै २०२४

फुला,

जय भीम. चौतीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं. मायना चुकला की एक गुण, पत्ता विसरला की अर्धा गुण, असे किती पोरांचे कापले असतील. आणि आज सख्ख्या बहिणीला लिहायला बसलो तर मायन्यालाच अडलो. ‘प्रिय’ लिहावं तर तू म्हणशील, आता आठवली का प्रिय. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तू फोन उचलत नाहीस. करुणाला केला की भाची सांगते, “मामा, आई शेजारी गेलीय.” रोज? हायवेच्या कडेचं तुमचं डाळज, तिथं एवढे कसले शेजार लागून गेलेत? पत्र आलं म्हणजे ‘शेजारी गेलीय’ म्हणून परत पाठवता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गेल्या शुक्रवारी दोन्ही खोल्यांना कुलूप लावून तू लेकीकडे निघून गेलीस. जाताना किल्ली मला दिली नाहीस, शेजारच्या मुक्ताबाईला दिलीस. सहा वर्षांपूर्वी निमगाव केतकीहून, दाजी गेल्यावर, तू माहेरी आलीस तेव्हा त्या खोल्यांना मीच पत्रा घातला होता. मला वाईट वाटलं. ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं सगळं पत्रभर तेच टोचत राहील.

आता मुद्द्याचं. मी मास्तर माणूस, क्रमानं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक, कारण रागात तू अर्धंच धरून बसली आहेस.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला तो सरकारी आदेश आला. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागणारं धान्य आधी तालुक्यातच पिकवणाऱ्या बायकांच्या गटाकडून घ्यायचं, तिथं मिळालं नाही तरच बाहेर बघायचं. हा कागद गावात कुणी आणला? मी. विहारात तीनदा वाचून कुणी दाखवला? मी. तुम्ही सात जणी पदर खोचून उठलात तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? गटातल्या एका तरी बाईच्या नावावर जमीन पाहिजे आणि सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद पाहिजे, ही अट मीच समजावून सांगितली. सात जणींत एकटं तुझं नाव निघालं, आप्पांच्या माघारी वारस म्हणून माझ्या नावाखाली लागलेलं. दीड एकराला आपण दोघं. त्यातल्या तीस गुंठ्यांत तू ज्वारी पेरलीस. मी हरकत घेतली का?

पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाचा फोटो काढून सरकारी ॲपवर नोंद, मी माझ्या फोनवरून केली, कारण तुझा फोन बटणांचा. निम्म्या गावाची मीच करून देतो. जूनमध्ये बारामतीला फायली उघडल्या तर तुझ्या सातबाऱ्यावर सबंध दीड एकर ऊस. तिथल्या त्या कारकुनानं चारचौघांत तुला विचारलं, “मग बाई, ज्वारी काय बाजारातनं आणली?” तो उद्धटपणा त्याचा आहे, माझा नाही.

त्या ॲपचं असंच आहे. नेटवर्क गेलं की मागच्या हंगामाचं पीक आपोआप उचलतं. आपल्याकडं मागं पुढं सगळा ऊसच, म्हणून ऊस उचलला. नोंद चुकली आहे असा माझा जबाब घ्यायला तलाठ्यानं मंगळवारी बोलावलं आणि नेमकं त्याच मंगळवारी मला फलटणला जावं लागलं, आमच्या जुन्या सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता. तुला मी सांगून गेलो होतो. एवढ्यावरून माणूस घर सोडून जातं का? आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं.

तुझी वहिनी रोज विचारते. शेळी मुक्ताबाईच्या दावणीला आहे, ठीक आहे. राग गेला की ये.

तुझा दादा


पणदरे,
२२ ऑगस्ट २०२४

फुला,

उत्तर नाही. ठीक. मी वर्गात गप्प बसणारी पोरं पुष्कळ पाहिली आहेत, शेवटी बोलतातच.

काल मुक्ताबाई आली होती. ओट्यावर बसली नाही, उभ्यानंच बोलली. म्हणाली, “गुरुजी, वसतिगृहाचं काम दुसऱ्याला गेलं, कळलं का?” मी म्हटलं, कळलं. एका पुरवठादाराला वर्षाचा आदेश मिळाला. तालुक्यातल्याच कुणा शेतकऱ्याचा ज्वारीची नोंद असलेला सातबारा त्यानं जोडला, बाकीचे दाखलेही पूर्ण, यादीतली एकही खूण करायची राहिली नाही. मुक्ताबाईची नात प्रतिक्षा त्याच वसतिगृहात राहते. ती सांगते, पोत्यांवर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या बाजाराचा शिक्का आहे. म्हणजे त्याच्या कागदावर ज्वारी आणि रानात कोण जाणे काय, आणि तुझ्या रानात ज्वारी नि कागदावर ऊस. मी हे हसण्यावारी नेलं. मुक्ताबाई हसली नाही.

“नऊ पोती खोलीत हायत,” ती म्हणाली. “पोरकिडा लागाय लागलाय. आमी सहा जणी वाटून न्हेतो खायाला. फुलाबायला इचारलंय.” म्हणजे तिचा फोन तू उचलतेस.

मग तिनं जाता जाता विचारलं, “गुरुजी, अख्ख्या शिवारात एकच ज्वारी हुती. सगळ्या गावाची पाखरं तितं. फुलाबाय अन् आमी पाळीपाळीनं दोन म्हयनं डबं वाजवीत हुतो. तुमच्या घरातनं ऐकू येत हुतं न्हवं? मग तुमच्या फोनला कसं न्हाय दिसलं?”

फुला, तुझ्यापाशी एक गोष्ट मान्य करतो. ॲपचं मी जे लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. ॲपनं आपोआप काही उचललं नाही. झालं असं की त्या दिवशी कालव्याचं पाणी सुटलेलं, पाट भरून वाहत होता, रानात उतरायचं तर चपला हातात घ्यायला लागणार. मी बांधावरूनच फोटो काढला. बांधावरून समोर ऊसच दिसतो, ज्वारी पलीकडं. फोटोत ऊस आला म्हणून ऊस लिहिला, नंतर दुरुस्त करू म्हटलं आणि राहून गेलं. दोन दिवसांत दुरुस्ती करता येते. ते दोन दिवस गेले.

आळस झाला. अडुसष्टाव्या वर्षी माणूस चिखलाला भितो, त्याला काय करणार. एवढा माझा गुन्हा आहे आणि तो मी कबूल करतो. आता तरी ये. तुझ्या बायका मला बघून रस्ता बदलतात. गोजरबाईनं तर परवा दळणाचा डबा घेऊन भर उन्हात मागच्या वाटेनं वळसा घातला.

त्या पुन्हा उसाच्या खुरपणीला जायला लागल्या आहेत.

तुझा दादा


पणदरे,
५ सप्टेंबर २०२४

फुला,

आज शिक्षकदिन. जुन्या विद्यार्थ्यांनी शाल दिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, दादा, शालींचं दुकान काढ आता. घरात कुणी काही म्हणालं नाही. वहिनीनं घडी घालून ठेवली.

करुणा सांगते की तू बरी आहेस. आणखी काही सांगत नाही.

दादा


पणदरे,
१५ ऑक्टोबर २०२४

फुला,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

काल विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला. नेहमीप्रमाणं अध्यक्ष मी. नेहमीप्रमाणं मला बोलायला सांगितलं. तुला माझं भाषण पाठ आहे, दरवर्षी तू तोंडाला पदर लावून माझ्याबरोबर ओठ हलवायचीस. बाबासाहेबांनी बायकांच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडलं, आणि आपण लेकीला, बहिणीला काय देतो? ओवाळणी! असं मी म्हणतो, मग थांबतो आणि टाळ्या होतात. काल ‘ओवाळणी’ म्हटलं आणि थांबलो. टाळ्या झाल्या नाहीत.

मुक्ताबाई मागच्या रांगेतून उठली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, “गुरुजी, आमच्या फुलाबायचं काय झालं, तेवढं सांगा अन् मग फुडं बोला.”

दीडशे माणूस होतं. मी म्हटलं, तो घरगुती विषय आहे. ती म्हणाली, “सात घरांचा हाय.” आणि खाली बसली. मी पाणी प्यालो, चष्मा पुसला, तब्येत बरी नाही असं काहीतरी पुटपुटून खाली उतरलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं फळ्यावर लिहून ज्याचा अर्थ मी चौतीस वर्षं पोरांना विचारला, तो मला काल दीडशे माणसांसमोर कळला.

आज सकाळी उठून बारामतीला गेलो, त्या वसतिगृहात. गृहपाल अंजली मॅडम भेटल्या. मी सांगितलं, ती ज्वारी आमच्याच रानातली होती, मी लेखी देतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या बहिणीनं नमुन्याचं पीठ दिलं होतं ना, त्या दिवशी मुलींनी तीन-तीन भाकरी खाल्ल्या. मला नको होतं का ते पीठ? मी दहा दिवस थांबून राहिले. तुमचा एक जबाब आला असता तर फाइल पुढं सरकली असती. आता वर्षाचा आदेश झाला.” चहा दिला. मी प्यायलो. नको म्हणता आला असता.

आता ऐक.

फोटो मी बांधावरून काढला नव्हता. पाट भरलेला नव्हता, कोरडा होता. मी तुझ्या ज्वारीतूनच चालत गेलो. माझ्या छातीला लागत होती, कणसं नुकती बाहेर पडली होती, अंगावर पिवळी भुकटी सांडली. तू पलीकडच्या टोकाला डबा वाजवत होतीस, तू मला हाक मारलीस, “दादा, नीट फोटू काढ, कणीस दिसू दे!” मी हात वर केला. मग ज्वारी ओलांडून उसात शिरलो आणि ज्वारीकडं पाठ करून उसाचा फोटो काढला.

ॲप विचारतं, खातेदार निवडा. दोन नावं येतात. वरचं माझं, खालचं तुझं. मग विचारतं, क्षेत्र किती. मी माझं नाव निवडलं आणि सबंध क्षेत्र लिहिलं. मग विचारतं, माहिती बरोबर आहे का. मी ‘हो’ दाबलं.

का, ते सांगतो. तुझं नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून होतं तेव्हा मला त्याचा त्रास नव्हता. नुसतं नाव काय, निजलेलं असतं. पण तुझ्या नावापुढं तीस गुंठे ज्वारी लागली असती तर ती जमीन तू कसतेस हे सरकारदरबारी लिहिलं गेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा लागली असती. हक्कसोडीचा मसुदा मी वकिलाकडून दोन वर्षांपूर्वीच करून आणला होता. कपाटात, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली. तुला कधीतरी राखीपौर्णिमेला, तू खुशीत असताना दाखवू, असा विचार होता. दरवर्षी तुझ्याकडून राखी बांधून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, पुढच्या वर्षी. ज्वारी नोंदवली गेली असती तर मग कुठल्या तोंडानं तुझ्यापुढं कागद ठेवणार होतो?

अजितचं नाव पुढं करणं मला सोपं गेलं असतं. आदल्या दिवशी जेवताना तो म्हणालाच होता, “बाबा, आत्याचं पीक आत्याच्या नावानं लागलं तर उद्या ती अर्धी वाटणी मागंल.” त्यावर मी त्याला घास हातात धरून अर्धा तास झापलं. समता, कायदा, बहिणीचा हक्क, सगळं काढलं. पोरगं जेवण टाकून उठलं. आणि सकाळी जाऊन मी तेच केलं, ते मनात होतं म्हणूनच आदल्या दिवशी एवढा ओरडलो असेन. त्याचा यात दोष नाही. तो जे आहे ते बोलतो तरी.

आणि फलटणला कुठलाही निरोपसमारंभ नव्हता. त्या मंगळवारी मी बारामतीच्या स्टँडवर बसलो होतो, सकाळी नऊपासून पाच वाजेपर्यंत. शेंगा खाल्ल्या, पेपर दोनदा वाचला. फलटणच्या सहा गाड्या माझ्यासमोरून गेल्या. तिकडं तू, दुपारपर्यंत मी परतेन या आशेनं, तलाठ्याच्या दारात माझी वाट बघत उभी होतीस. तू संध्याकाळी मला विचारलंसही नाहीस. ताट वाढलंस, वहिनीचं अंग दुखत होतं म्हणून. भाकरी तुझ्याच ज्वारीची होती.

मला खरंच वाटलं होतं की फार काही बिघडणार नाही. वसतिगृहवाले एवढं काटेकोर कुठं बघतात, धान्य चांगलं असलं की घेतील, असं मी स्वतःला समजावलं होतं. आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि म्हणे कागद कोण बघतो! तुझी जमीन तर जाणार नव्हतीच, ती माझ्याजवळच राहणार होती. पण त्या सहा बायकांचं काय गेलं, ते मी मोजलंच नव्हतं. त्यांच्या नावावर तर कुठंच काही नाही. त्यांनी तुझ्या एका नावाच्या आधारानं दोन महिने पाखरं हाकली.

मसुदा मी आज फाडला. चुलीत घातला. वहिनीनं विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, रद्दी.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू ये. तलाठ्याकडं आपण दोघं जाऊ, मी वाटपाचा अर्ज देतो, तुझे तीस गुंठे वेगळे करून घेऊ. हे मी लिहून देतोय.

दादा


पणदरे,
१२ डिसेंबर २०२४

फुला,

परवाचा दिवस मी तुला काय सांगणार, तू होतीसच. पण मला लिहून काढल्याशिवाय कळत नाही, ही माझी जुनी खोड.

गेल्या आठवड्यात करुणाचा फोन आला. “मामा, आई म्हणते हक्कसोडीचा कागद करून ठेवा, मंगळवारी बारामतीला येते.” मी म्हटलं, कसली हक्कसोड? मी वाटपाचं लिहिलं होतं. ती म्हणाली, “आईनं हेच सांगितलंय.” मी मसुदा जाळला होता, पण तो वकिलाच्या कॉम्प्युटरवर होता. अजितनं तासाभरात नवा काढून आणला.

मी ठरवून आलो होतो, फुला. रात्रभर जागून वगैरे नाही, चांगला झोपून, सकाळी दाढी करून, शांत डोक्यानं ठरवलं होतं. तू आलीस की अधिकाऱ्यासमोरच सांगायचं, आम्हाला हा दस्त करायचा नाही. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

तू समाधानराव जावईबापूंबरोबर आलीस. बारीक झाली आहेस. माझ्या वाकून पाया पडलीस, वहिनीचं दुखणं विचारलंस. नोंदणी कचेरीतल्या बाकावर आपण शेजारी बसलो. समोर आणखी दोन भाऊ त्यांच्या बहिणींना घेऊन बसले होते, दोघांच्याही हातात दुकानाच्या पिशव्या. हक्कसोडीची साडी. अजितनंही आणली होती, मोरपंखी. त्यानं ती तुझ्या मांडीवर ठेवली. तू किनार उलगडून बघितलीस आणि त्याला परत दिलीस. “चांगली हाय रं. पर माझ्या पेटीत दोन नव्या पडल्यात. तुझ्या बायकूला दे.”

मी विचारलं, “पत्रं मिळाली?”

“मिळाली की. समदी वाचली. तुझं अक्षर अजून तसंच हाय, दादा.”

मी थांबलो. तू आणखी काही म्हणशील म्हणून. तू समोरच्या बाईच्या कडेवरच्या पोराकडं बघून हसत होतीस.

मग मीच म्हटलं, “मी सगळं खरं लिहिलंय त्यात.”

“मला जूनमधीच कळलं हुतं. फलटणला निघालास अन् पिशवी घेतली न्हाईस. तू पिशवीबिगर कधी गावाला गेलाईस?”

मग तू डाळजचं सांगितलंस. तिथल्या गटात जातेस. त्यांचं पीठ इंदापूरकडच्या एका वसतिगृहाला जातं. सातबारा कुणा दुसऱ्या बाईचा, तू चाळायला आणि भरायला. “नाव तिचं, चाळणी माझी. बरं चाललंय,” म्हणालीस. मी म्हटलं, “पण तुझे तीस गुंठे असताना...” तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंस.

“दादा, तुला जिमीन पाहिजे हुती तर मागायची. मी दिली असती. सहा वरसं तुझ्या आसऱ्याला हुते, मला काय कळत न्हवतं व्हय? एका सालाची ज्वारी हुंदे, मग सही देते, आसं मी मुक्ताबायला बोलले बी हुते. जिमिनीचं मला काय न्हाय. ज्वारी कशाला घालवलीस?”

तेवढ्यात आपलं नाव पुकारलं.

अधिकाऱ्यानं तुला विचारलं, स्वखुशीनं देता का? तू म्हणालीस, “व्हय.” मग मला विचारलं, मान्य आहे? वाक्य जुळवलेलं होतं. मी तोंड उघडलं. अजित दाराशी उभा होता, तो माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, “मान्य आहे.” कॅमेऱ्याकडं बघा म्हणाले, बघितलं. अंगठा ठेवा म्हणाले, ठेवला. शाई नसते आता, काचेवर नुसता टेकवायचा. पुसायलाही काही उरत नाही.

म्हणजे ऑक्टोबरचं पत्र लिहिणारा माणूस मीच होतो आणि परवाचा माणूसही मीच. मी स्वतःला सांगायचा प्रयत्न केला की तूच आग्रह धरलास, बहिणीचं मन मोडू नये. ते दोन तास टिकलं. आता मी कुणालाच फसवू शकत नाही. निदान तुला कधी फसवता आलं नव्हतं हे कळलं, तू सगळं बघत होतीस आणि तरी ताट वाढत होतीस.

स्टँडवर भिगवणची गाडी लागली. तू खिडकीशी बसलीस. मी म्हटलं, “कधी येशील?” तू म्हणालीस, “बघू.” मग माझ्या खांद्यावरून मागं उभ्या असलेल्या अजितला हाक मारलीस.

“पोरा, वढ्याकडचा खालचा कोपरा हाय न्हवं, माझ्यातला, तो चिबडतो. ऊस लावलास तर कुजंल. तितं पाणी धरू नगो. आधी चर काढ, उताराच्या अंगानं, मंग लाव.”

अजित “बरं आत्या” म्हणाला. गाडी गेल्यावर मला विचारलं, “बाबा, कुठला कोपरा?” मी म्हटलं, ओढ्याकडचा. तो म्हणाला, “ते कळलं. पण तिथं पाणी धरतं कुठं? आपण कधी बघितलं?”

काल सकाळी मी एकटा जाऊन आलो. वरून जमीन चांगली कोरडी दिसत होती, दव पडलेलं. कोपऱ्यात चार पावलं आत गेलो आणि उजवा पाय घोट्यापर्यंत रुतला. चप्पल आतच राहिली, हातानं उकरून काढावी लागली.

आप्पा गेल्यापासून पंधरा वर्षं ही जमीन मी सांभाळतो म्हणून गावाला सांगत आलो. तू तिच्यात एक हंगाम केलास. मला तो कोपरा माहीत नव्हता, फुला.

साहेबराव